कोडमधून 'शब्दशिल्प' काढतेय, पण अक्षरं मराठी दिसत नाहीत

गोदाकाठची | ३ फेब्रुवारी, रात्री ११:४२

मंडळी, मदत हवीय. आमच्या सोसायटीत (नाशिक, इंदिरानगर) वाचनकट्टा चालतो. २७ फेब्रुवारीला कट्ट्याचं भित्तिपत्रक लागणार आहे, नाव ठरलंय 'शब्दशिल्प'. कुसुमाग्रजांच्या गावात, त्यांच्याच वाढदिवशी, नेहमीचा फ्लेक्स आणि त्यावर नेहमीचा फाँट लावायचा हे मला सहन होईना. मीटिंगमध्ये तोंडातून निघून गेलं की नाव मी करते, कोडमधून करते. आता लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, 'झालं का?'

नोकरीने मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. हौस म्हणून वर्षभर पी-फाइव्ह जेएस शिकतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्राउझरमध्ये कोड लिहून चित्रं काढायची ही लायब्ररी. मूळ प्रोसेसिंग हे २००१ साली केसी रीस आणि बेन फ्राय यांनी एमआयटीत सुरू केलं, लॉरेन मॅकार्थीने २०१३ मध्ये तीच कल्पना ब्राउझरसाठी नव्याने उभी केली.

माझी युक्ती साधी होती. फाँटची फाइल लोड करायची, टेक्स्ट-टू-पॉइंट्स या फंक्शनला शब्द द्यायचा, ते अक्षराच्या कडेवरचे ठिपके देतं. प्रत्येक ठिपक्यावर एक छोटी रेघ, रेघेची दिशा पर्लिन नॉइजने, म्हणजे झटके न देता हळूहळू बदलत जाणाऱ्या आकड्यांनी, ठरवायची. इंग्रजीत माझं नाव टाकलं तर वाऱ्यावर गवत डोलावं तशी अक्षरं आली. घरात सगळ्यांना दाखवली. मग 'शब्दशिल्प' टाकलं. 'ब'चा पाय मोडलेला उघडा, 'द' बाजूला एकटा, आणि 'शि'ची वेलांटी 'श' सोडून पुढच्या 'ल'च्या डोक्यावर. मुक्ता, बालू, मोदक, यात्रा वन, चार फाँट लावून पाहिले. चौघांची तीच तऱ्हा.

फाँट चुकतोय की मी?

---

अर्धी_वेलांटी | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

दोघंही नाही. फाइलमध्ये 'शब्दशिल्प' म्हणजे नऊ कोड: श, ब, हलन्त, द, श, वेलांटी, ल, हलन्त, प. आपण टंकतो त्या क्रमाने. वेलांटी 'श'च्या नंतर साठवलेली असते आणि काढायची मात्र आधी. 'ब' नि 'द' मिळून 'ब्द' करायचं, 'ल' अर्धा करायचा, हे नियम फाँटच्या पोटात लिहिलेले असतात. पण ते वाचून अमलात आणणारा कुणीतरी लागतो. त्या कामाला शेपिंग म्हणतात. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते हार्फबझ नावाचं इंजिन करतं. तुम्ही फाँटची फाइल थेट लोड केलीत तेव्हा ब्राउझरला बाजूला सारून एका जावास्क्रिप्ट लायब्ररीला ती उघडायला दिलीत. तिला रोमन लिपी नीट येते, देवनागरीचे नियम येत नाहीत. ती बिचारी कोड दिसेल त्या क्रमाने आकार मांडत जाते.

दोन वाटा आहेत.

फाँट सीएसएसमधून (वेबपानाचं रूप ठरवणारा कोड) लावा आणि शब्द ब्राउझरलाच कॅनव्हासवर काढू द्या. मग पिक्सेल वाचा, जिथे काळं तिथे ठिपका. हे करताना पिक्सेल डेन्सिटी १ करायला विसरू नका. चांगल्या स्क्रीनवर ती २ असते, पिक्सेलची यादी चौपट होते आणि तुम्ही भलतीकडचे ठिपके वाचत बसता. मी एक अख्खी रात्र घालवलीय यात.

दुसरी वाट: इंकस्केपमध्ये (रेघांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) शब्द लिहा, त्याचा पाथ, म्हणजे बाह्यरेषा करा, एसव्हीजी या रेघांच्या फाइलमध्ये सेव्ह करा. तिथे शेपिंग बरोबर होतं. मग ब्राउझरमध्ये त्या पाथला विचारायचं, 'सुरुवातीपासून इतक्या अंतरावरचा बिंदू सांग.' कडेचे ठिपके हवे असतील तर ही वाट जास्त स्वच्छ.

---

कांदाभजी | ४ फेब्रुवारी, सकाळी ९:०३

एवढा उपद्व्याप कशाला? एआयला सांगा, दहा सेकंदांत चित्र.

---

गोदाकाठची | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

@कांदाभजी, मागितलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा अर्धा 'ल' गायब. मराठी भाषा गौरव दिनाला 'शब्दशिप' लावलं तर कट्ट्यावरचे निवृत्त मास्तर मला गोदेत बुडवतील.

@अर्धी_वेलांटी, दुसरी वाट चालली! जोडाक्षरं शाबूत. फक्त 'श' आणि 'ल' हिंदी पद्धतीचे येतायत.

---

शुद्धलेखनवाले | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:५५

ते बदलाच. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ठरवून दिला आहे. दांडीचा 'ल' शाळेच्या पुस्तकात चालत नाही, मग भाषा दिनाच्या फलकावर कसा चालेल?

---

अर्धी_वेलांटी | ४ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

चूक वगैरे म्हणणार नाही, पण डोळ्याला खटकतं हे खरं. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही आकार असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं आणि फाँटमध्ये मराठीची सोय असली की मराठी आकार उचलला जातो. नसेल तर फाँट बदला, भांडण वाचेल.

---

गोदाकाठची | ८ फेब्रुवारी, रात्री १२:३०

अपडेट. गवतवाली अक्षरं झाली, जोडाक्षरं बरोबर, 'श' देठाचा. आणि आता मला ती आवडत नाहीयेत. कडेवर ठिपके म्हणजे शेवटी फाँटलाच केस फुटलेत. अक्षर कुणीतरी लिहिलंय असं वाटत नाही.

म्हणून नवा प्रयोग. कडा सोडून दिली. प्रत्येक अक्षराची मधली रेघ, म्हणजे सांगाडा, मीच इंकस्केपमध्ये पेन टूलने काढला. आधी अल्गोरिदमने काढून पाहिला होता, पण जाड आकाराचा सांगाडा काढला की प्रत्येक कोपऱ्याला मिशा फुटतात. मग त्या सांगाड्यावरून चपट्या टोकाची लेखणी फिरवायची. लेखणी म्हणजे काय, एक ठरलेल्या लांबीची तिरकी रेघ. सांगाड्यावर ती पावलापावलाने सरकते, दर दोन पावलांमध्ये एक चौकोन भरायचा. चौकोन एकमेकांना लागून लागून जाड-बारीक फटकारा तयार होतो. कॅलिग्राफीचं एक इंग्रजी उदाहरण नेटवर होतं, त्यातला कोनही तसाच उचलला, उणे ४५ अंश.

चित्र जोडलंय. सांगाडा माझा, वळणं मी शाळेत गिरवलेली, जोडाक्षरं बरोबर. तरी काहीतरी परकं दिसतंय. गोऱ्या साहेबाने मराठी शिकून लिहिल्यासारखं. काय चुकतंय सांगा.

---

बाराखडीतला_ङ | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

मला तर छान वाटतंय. (मला सगळंच छान वाटतं.)

---

अर्धी_वेलांटी | ८ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

कल्पना जुनी आणि पक्की आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मेटाफाँट केलं ते याच विचाराने: अक्षराची कडा साठवायची नाही, लेखणीची वाट आणि लेखणीचा आकार सांगायचा. फ्रान्स वेल्थुइस या डच माणसाने १९९१ मध्ये टेक या मजकूर जुळवायच्या प्रणालीसाठी देवनागरी केली तीही मेटाफाँटमध्येच. परकं का दिसतंय ते मात्र मला कळत नाहीये. शिरोरेषा फार जाड आहे का?

---

ब्रशवाला | ८ फेब्रुवारी, रात्री ९:१८

ताई, मी कोडवाला नाही. तीस-पस्तीस वर्षं नाशकात दुकानांच्या पाट्या, टेंपोची नावं आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. मुलाने हा धागा दाखवला म्हणून लिहितोय. टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुमचा बोरू उलटा धरलाय.

'ब'च्या पोटातली पट्टी बघा. ती वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरते. तुमच्या चित्रात तीच सगळ्यात जाड आहे, पोट काळंकुट्ट होऊन बसलंय. 'श'ची शेपटीही उजवीकडे खाली जाताना फुगली आहे. आपल्याकडे ही रेघ बारीक असते. इंग्रजी मोठा 'ए' आठवा. डावी तंगडी बारीक, उजवी जाड. त्यांच्या लेखणीचा काप तसा. आपल्या बोरूचा काप त्याच्या उलट्या बाजूला तिरका असतो, म्हणून आपला जाडपणा दुसऱ्या अंगाला जातो. उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारी रेघ भरते, तिच्या उलटी निघणारी बारीक होते.

विश्वास नसेल तर घरी करून बघा. दोन पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून रबर बँडने बांधा. दोन्ही टोकं कागदाला टेकवा, डावीकडचं टोक वर आणि उजवीकडचं खाली, असं तिरकं. मनगट न फिरवता 'ब' काढा. दोन रेघा उमटतील. पोटातल्या पट्टीवर आलात की दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक येतील. तिथे अक्षर बारीक. आता टोकं उलटी तिरकी धरा आणि तोच 'ब' काढा. तुमच्या कॉम्प्युटरचा 'ब' येईल.

---

गोदाकाठची | ८ फेब्रुवारी, रात्री १०:५७

काका!!!

पेन्सिली बांधून आत्ताच केलं. आई विचारतेय एवढ्या रात्री काय चाललंय.

कोडमध्ये किती बदल केला माहितीये? एक चिन्ह. उणे ४५ चं अधिक ४५ केलं. कॅनव्हासवर उभा अक्ष खाली वाढतो, त्यामुळे अधिक ४५ म्हणजे लेखणीचं डावं टोक वर आणि उजवं खाली, तुम्ही सांगितलंत तसंच. बाकी काहीही बदललं नाही. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी जोडतेय.

---

शुद्धलेखनवाले | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:०२

दुसरं चित्र पाहून एकदम आजीच्या पोथीची आठवण आली. काकांना दंडवत.

---

बाराखडीतला_ङ | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

पहिलंही मला छान वाटलं होतं, पण आता त्याकडे बघवत नाही. हा काय प्रकार आहे?

---

ब्रशवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ८:४४

दंडवत नको. आम्ही हे कमल शेडग्यांची नाटकांची नावं पेपरात बघून बघून शिकलो. जाहिरात कापून ठेवायची आणि रात्री उलट्या डब्यावर बसून गिरवायची. एकेका नाटकाचं अक्षर वेगळं, पण कुठलंही घ्या, हात मराठीच. २०२० मध्ये ते गेले तेव्हा दुकान दिवसभर बंद ठेवलं होतं. तोवर तसंही पाट्यांचं काम फ्लेक्सने खाल्लेलंच होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाचा खोळंबा झाला नाही.

---

नाशिकरोडचा | १० फेब्रुवारी, दुपारी २:१५

छान धागा. माझी भर थोडी वेगळी. फटकारे आता जाड झाले आहेत, तर आत नुसता काळा रंग भरू नका, गिलोश भरा.

गिलोश म्हणजे नोटांवर आणि स्टँपपेपरवर दिसते ती एकात एक गुंतलेल्या बारीक रेषांची जाळी. नाशिकरोडला वाढलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. टपाल तिकिटं १९२६ पासून आणि नोटा १९२८ पासून आमच्या इथल्या प्रेसमध्ये छापल्या जातात. आजोबा प्रेसमध्ये होते. घरी कामाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, पण सुपारीच्या डब्याच्या झाकणावरची नक्षी भिंग लावून बघत बसायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपण.

पूर्वी ही जाळी यंत्राच्या दांड्या आणि चाकं फिरवून कोरायचे. कोडमध्ये दहा ओळी पुरतात. मोठ्या वर्तुळाच्या आत लहान वर्तुळ लोळवायचं आणि लहान वर्तुळाला टोचलेल्या पेनाची रेघ बघायची. लहानपणी जत्रेत दातेरी चकत्यांचा खेळ मिळायचा, तोच. मोठ्याची त्रिज्या १०५ आणि लहानाची ३० घ्या: दोन फेऱ्यांत रेघ मिटते, सात पाकळ्यांचं फूल. आता ३० चं ३१ करा: मिटायला ३१ फेऱ्या आणि १०५ पाकळ्या, जाळीच जाळी. १०५ आणि ३० ला १५ ने भाग जातो, १०५ आणि ३१ ला सामाईक काही नाही, एवढाच फरक. एका आकड्याने फुलाची जाळी होते याचं मला अजून कौतुक वाटतं.

मग अक्षराचा आकार क्लिप म्हणून लावायचा, जाळी फक्त फटकाऱ्याच्या आत दिसेल. अर्थात आपली आपण जाळी बनवा, नोटेवरची उतरवायला जाऊ नका. आजोबा वर बसून बघतायत.

---

गोदाकाठची | १० फेब्रुवारी, रात्री ११:१०

@नाशिकरोडचा, हे फारच भारी दिसतंय. १०५ आणि ३१ च ठेवलं.

आता पुढचं. हे फ्लेक्सवर छापायचं नाही असं ठरलंय. तीन फूट रुंद, लेझरने कापून भिंतीवर. उद्या घराजवळच्या एका कटिंगवाल्याकडे फाइल देतेय.

---

लेझर_अंबड | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:३५

थांबा थांबा, फाइल देऊ नका! आधी इथे दाखवा. तुमचे फटकारे हजारो चौकोनांचे बनलेत ना? मशीनला शब्द दिसत नाही. तिला रेघ दिसली की ती कापते.

---

गोदाकाठची | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

@लेझर_अंबड, तुमचा प्रतिसाद आत्ता वाचला. सकाळी साडेदहालाच देऊन आले होते.

त्यांनी विचारलंही होतं, 'ताई, यात रेघा फार दिसतायत.' मी म्हटलं, 'डिझाइनच तसं आहे.' तीन मिलीमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी. पाऊण तास मशीन चाललं. परत काय मिळालं, तर प्लास्टिकच्या पिशवीत भुसा. थोडे चौकोन मोठे होते ते खाकऱ्यासारखे वर तरंगत होते. पैसे पूर्ण दिले, त्यांची काय चूक? बाबांनी पिशवी बघून विचारलं, 'हेच का ते शब्दशिल्प?'

टेस्टर आहे मी. टेस्टर!

---

लेझर_अंबड | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४८

हसू नये, पण हसलो. माफ करा ताई. अंबडला आमचं भावाभावांचं वर्कशॉप आहे, रोज अशा दोन पिशव्या तरी भरतात. आता नीट सांगतो.

सगळे चौकोन एकत्र करून एकच बाह्यरेषा करायची, इंकस्केपमध्ये युनियन. नुसता फाँट पाथ करून आणला तरी हीच भानगड होते. बऱ्याच मराठी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. स्क्रीनवर अखंड दिसतं. मशीन दोन अक्षरांच्या मधे दोन काप मारते आणि नेमप्लेटची सुटी अक्षरं होतात.

पण युनियन केलंत की मराठीसारखी कापायला सोपी लिपी नाही. इंग्रजी नाव म्हटलं की सात अक्षरं सात तुकडे, प्रत्येक वेगळं चिकटवा, एक वाकडं लागलं की गिऱ्हाईक वाकडं. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. 'श'चा डावा भाग आणि दांडी एकमेकांना कुठे चिकटलेत? दोघं वरच्या रेघेला लटकलेत. अख्खा शब्द उचलून भिंतीला लावायचा. गळतो तो अनुस्वार. 'आनंद' नावाच्या बंगल्याचा 'आनद' झालेला मी स्वतः बघितलाय, टिंब ऊन-पावसाने पडलं. तुमच्या शब्दात अनुस्वार नाही, नशीब.

दोन गोष्टी सांभाळा. सगळं वजन शिरोरेषेवर, तीन फुटाला ती १५ मिलीमीटरच्या खाली नको. आणि ती 'ब'च्या पोटातली पट्टी. काकांच्या म्हणण्याप्रमाणे बारीक, मान्य, पण तुमच्या चित्रात ती केसाएवढी झालीय. कापताना जळून जाईल. निदान चार मिलीमीटर ठेवा.

जाळी कापू नका. ती कमी पॉवरवर वरून कोरू, आरपार नाही. पाच मिलीमीटर ॲक्रिलिक घ्या, एमडीएफला दमट भिंत मानवत नाही.

---

गोदाकाठची | १२ फेब्रुवारी, रात्री १२:०५

पट्टी केसाएवढी का होते ते कळलं. माझी लेखणी ही शुद्ध रेघ आहे, तिला स्वतःची जाडी नाही. ती जिकडे तिरकी, त्याच दिशेने सरकली की फटकारा शून्य. खऱ्या बोरूच्या टोकाला थोडी तरी जाडी असते. म्हणून आता रेघेऐवजी चपटी लंबवर्तुळं ठेवतेय, ३० मिलीमीटर लांब आणि ४ जाड. पट्टी ४ वर थांबते. ४५ अंशांना दांडी आणि शिरोरेषा दोन्ही सारख्या, २१ मिलीमीटरच्या आसपास.

---

लेणी_भटक्या | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

अवांतर. शिरोरेषेचा विषय निघालाय म्हणून. पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे, प्राकृत भाषा, ब्राह्मी लिपी. सकाळचं ऊन तिरपं असताना जा. एकाही शब्दावर आडवी रेघ नाही, सुटी सुटी अक्षरं. पण नीट पाहिलं तर उभ्या रेघांच्या माथ्याला छोटी जाडसर खूण दिसते. पुढे याच माथ्याच्या खुणा रुंद होत होत एकमेकींना भिडल्या आणि आपली शिरोरेषा आली. लेझरवाल्या दादांचं काम सोपं व्हायला एवढी शतकं जावी लागली.

---

कांदाभजी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). सुरुवातीचा माझा प्रतिसाद कुणाला काढता येतो का?

---

अर्धी_वेलांटी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:१६

नाही. राहू दे.

---

ब्रशवाला | १५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

ताई, कापायला देण्याआधी एकदा मोठ्या स्क्रीनवर बघायचं आहे. मोबाइलवर मला दांडी आणि शिरोरेषा पटत नाहीयेत. चालेल का?

---

गोदाकाठची | १८ फेब्रुवारी, रात्री १०:४०

काल काका घरी आले होते. चहा घेतला, लॅपटॉपपासून चार हात लांब उभे राहिले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, 'वरची रेघ दाबतेय.' मी म्हटलं, 'काका, दोन्ही मोजून सारख्या आहेत.' तर म्हणाले, 'मोजून सारख्या आहेत म्हणूनच. आडवी रेघ डोळ्याला जाड दिसते. सारखी दिसायला हवी तर हलकी काढावी लागते.'

कोनाला मी स्लायडर लावून ठेवला होता. त्यांना माउस नको होता. मला म्हणाले, 'तू सरकव, मी सांगतो.' ४४, ४३, ४२. प्रत्येक आकड्याला शब्द श्वास घेतल्यासारखा थोडा हलायचा. ४० ला त्यांनी मान तिरकी केली. ३८ ला म्हणाले, 'बास. हात काढ.'

मी नंतर हिशोब केला. दांडीची जाडी म्हणजे लेखणीची लांबी गुणिले कोनाचा कोसाइन, शिरोरेषेची म्हणजे गुणिले साइन. ३८ ला दांडी साधारण २३.६ आणि शिरोरेषा १८.५ मिलीमीटर. @लेझर_अंबड, तुमच्या १५ च्या वर आहे, चालेल ना?

---

लेझर_अंबड | १८ फेब्रुवारी, रात्री १०:५५

पळेल. फाइल पाठवा. युनियन केलंय ना?

---

गोदाकाठची | १८ फेब्रुवारी, रात्री १०:५६

तीनदा तपासलं.

---

गोदाकाठची | २७ फेब्रुवारी, रात्री ९:२५

लागलं. फोटो जोडलाय. काळं ॲक्रिलिक, एकच तुकडा, जाळी फक्त जवळ गेल्यावर दिसते. निवृत्त मास्तरांनी नाकाला नाक लावून 'ल'ची पाकळी तपासली आणि काही न बोलता पुढे गेले, म्हणजे पास. शेजारच्या छोट्या मुलाने 'ब'च्या पोटात बोट घालून पाहिलं. पट्टी टिकली.

भुशाची पिशवी बाबांनी कुंडीत घालायला काढली होती, आईने एमडीएफमध्ये गोंद असतो म्हणून घालू दिली नाही. ती अजून गॅलरीतच आहे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आता दारासाठी 'वाघुर्डे' हवंय. रफार आणि उकार दोन्ही. काका, रविवारी येता का?

---

ब्रशवाला | २७ फेब्रुवारी, रात्री १०:०२

येतो. पेन्सिली बांधूनच ठेव.